सातारा, कऱ्हाड की सांगली? गुन्ह्यांचे आकडे शेजारी मांडण्याआधी

पिंपरीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मिस्टर शेती अवजारं विकणाऱ्या कंपनीत आहेत, भाग सातारा आणि सांगली जिल्ह्याचा, त्यामुळे बिऱ्हाड सातारा, कऱ्हाड, सांगली यांपैकी कुठंही केलं तरी चालणार आहे. मुलगी अकरावीत, सासूबाई ७२ वर्षांच्या. ताईंनी बातम्यांतून वेचून वहीत तक्ता केलाय: पुणे, कोल्हापूर, सातारा, सांगली, आणि पुढे लाख वस्तीमागे गुन्हे. एका यादीत सांगली वर, दुसरीत सातारा वर. त्यात धाकटे दीर म्हणतात, "कुठंही जा वहिनी, पण मिरज-सांगलीकडे नको." तर खरं सुरक्षित शहर कोणतं, असं त्यांनी विचारलंय.

ताई, माझी भरती सातारा जिल्ह्यातली. लग्नानंतर आंतरजिल्हा बदली घेऊन सांगलीत आले. ३१ वर्षं नोकरी झाली. त्यातली ११ वर्षं मी वेगवेगळ्या ठाण्यांत क्राईम कारकून होते आणि शेवटची ४ निर्भया पथकात. क्राईम कारकून म्हणजे दाखल झालेला गुन्हा कुठल्या रकान्यात जाणार आणि महिनाअखेरीला जिल्ह्याला काय कळवायचं, हे जिच्या टेबलावरून जातं ती. तुमच्या वहीतले आकडे ज्या वाटेनं आले, तिच्या उगमापाशी मी बसत होते. म्हणून पहिलं तेच सांगते. तो आकडा घडलेल्या गुन्ह्यांचा नसतो, लिहून घेतलेल्या गुन्ह्यांचा असतो.

एक प्रसंग सांगते, ठाण्याचं नाव सांगत नाही. आठवडा बाजाराचा दिवस होता. एक बाई आली, गळ्यातलं गंठण ओढून नेलेलं, मानेवर लाल वळ. ठाणे अंमलदारानं तिला तासभर बाकावर बसवलं आणि शेवटी 'गहाळ' असा दाखला हातात दिला. म्हणजे तिचं गंठण चोरीला गेलं नाही, हरवलं. माझ्या रजिस्टरला चोरीचा रकाना त्या दिवशी कोरा राहिला. मी नोकरीला नवी होते, काही बोलले नाही, आणि ती गोष्ट मला अजून डाचते. दीडेक वर्षानं तिथं नवे साहेब आले. पहिल्याच हजेरीला त्यांनी बजावलं की दारात आलेली एकही फिर्याद परत जाता कामा नये. वर्षअखेरीला आमच्या ठाण्याचा चोरीचा आकडा चांगलाच चढला. क्राईम मीटिंगला साहेबांना उभं करून जाब विचारला गेला, पेपरात 'चोऱ्यांचं सत्र' म्हणून मथळे आले. चोर काही वाढले नव्हते. उलट फिर्यादी कागदावर आल्यामुळे एकाच मोटारसायकलवरची जोडी कुठल्या वारी कुठल्या बाजारात असते हे कळलं आणि ती जोडी सापडली. शेजारच्या हद्दीतल्या बायका आमच्या ठाण्याचा पत्ता विचारत यायला लागल्या. तुमच्या वहीत ते वर्ष त्या गावाचं सगळ्यात वाईट वर्ष म्हणून उतरलं असतं. मला तिथं राहायला जायचं असतं तर मी नेमकं तेच वर्ष निवडलं असतं.

हे माझं एकटीचं म्हणणं नाही. देशभरचे आकडे छापणारा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, स्वतःच्या अहवालात सांगतो की गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बातमीत यादी येते, हे वाक्य येत नाही. २०२२ च्या अहवालात महानगरांमध्ये लाखामागे सगळ्यात कमी दखलपात्र गुन्हे, म्हणजे ज्यांचा तपास पोलीस कोर्टाच्या हुकमाशिवाय सुरू करू शकतात असे, कोलकात्यात होते, ८६.५. पुण्यात २८०.७. आता पुण्यातला माणूस कोलकात्यातल्या माणसापेक्षा तिप्पट धोक्यात जगतो, असं कुणी छातीवर हात ठेवून म्हणेल का? केरळचा दर वर्षानुवर्षं देशात वरच्या रांगेत असतो, पण तिथं तपास झालेल्या शंभर गुन्ह्यांपैकी नव्वदहून जास्त गुन्ह्यांत आरोपपत्र कोर्टात जातं. जिथं लोक तक्रार द्यायला बिचकत नाहीत आणि पोलीस ती घेतात, तिथला आकडा मोठाच दिसणार. दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितलं. त्यानंतर नोंद सुधारली हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण ती प्रत्येक ठाण्यात सारख्या वेगानं सुधारली नाही, आणि दोन शहरांच्या आकड्यांतला बराचसा फरक हा त्या वेगातला फरक असतो.

एकूण आकडा किती फसवतो त्याचं याहून ढळढळीत उदाहरण २०२० चं आहे. देशातले एकूण गुन्हे २०१९ च्या मानानं २८ टक्क्यांनी वाढले, लाखामागचा दर ३८५.५ वरून ४८७.८ वर गेला. घरं बंद, रस्ते ओस, आणि गुन्हे वाढले? झालं होतं असं की टाळेबंदी मोडणाऱ्यांवर कलम १८८ खाली गुन्हे दाखल होत होते. २०१९ मध्ये ते २९,४६९ होते, २०२० मध्ये ६ लाख १२ हजारांवर गेले. मास्क लावला नाही म्हणून, विनाकारण बाहेर फिरला म्हणून. चोऱ्या, घरफोड्या त्या वर्षी कमी झाल्या होत्या. ज्यानं नुसता एकूण दर वाचला त्याला देश एका वर्षात बिघडल्यासारखा वाटला.

आमच्या खात्यात गुन्ह्यांची विभागणी 'भाग १ ते ५' आणि 'भाग ६' अशी चालते. पहिल्या पाचांत खून, दरोडा, चोरी, मारामारी, फसवणूक, म्हणजे पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतले आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेतले गुन्हे. भाग ६ मध्ये दारूबंदी, जुगार, शस्त्र बाळगणं वगैरे खास कायद्यांखालचे. भाग ६ चा गुन्हा सहसा कुणी फिर्यादी येऊन देत नाही. पोलीस धाड घालतात तेव्हा तो जन्माला येतो. मटक्याची टपरी वर्षभर चालली आणि कुणी धाड घातली नाही, तर कागदावर त्या गावात जुगार शून्य. दर आठवड्याला छापे घातले तर गाव कागदावर जुगारी. तुमच्या वहीत दोन्ही भाग एकत्र धरले असतील तर तो तक्ता बाजूला ठेवा.

भाग १ ते ५ मधलंही सगळं तुमच्या घराशी संबंधित नसतं, आणि इथं आपल्या भागाची गंमत नीट समजून घेण्यासारखी आहे. वाळवा, पलूस, कऱ्हाड हा उसाचा पट्टा. ऊस वाहतूकदार मुकादमाला ऊसतोड मजुरांच्या टोळीसाठी लाखांनी उचल देतो, हंगाम तोंडावर येतो, टोळी येत नाही, मुकादमाचा फोन बंद. फसवणुकीचा गुन्हा दाखल होतो. तासगाव आणि मिरज पूर्व भागात द्राक्षाचा व्यापारी माल उचलतो, थोडी रक्कम टेकवतो आणि पसार होतो. तोही फसवणुकीचा गुन्हा. शेतकऱ्याचं वर्षाचं कंबरडं मोडणारे हे गुन्हे आहेत, मी त्यांना हलकं लेखत नाही, असल्या फिर्यादी लिहिताना रडणारे बापे मी पाहिलेत. पण तुमची मुलगी क्लासहून सुरक्षित परत येईल की नाही, याच्याशी त्यांचा काही संबंध नाही. तसेच अपघात. हयगयीनं गाडी चालवून मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा, पूर्वीचं कलम ३०४ अ आणि आताचं १०६, हाही भाग १ ते ५ मध्येच मोजला जातो. शिरवळ, भुईंज, उंब्रज, तळबीड ही ठाणी महामार्गावरची. तिथल्या आकड्यात रात्रीच्या ट्रकखाली गेलेल्या दुचाकीस्वारांचाही हिशेब असतो, आणि तो शेवटी सातारा जिल्ह्याच्या 'गुन्हेगारी'त जमा होतो.

उलट बाजूनं, जे मोजलं जायला हवं ते कधीकधी दुसऱ्याच्या खात्यात जातं. मिरज जंक्शनवर गाडीत बॅग चोरीला गेली तर गुन्हा लोहमार्ग पोलिसांचा, त्यांचा कारभार पुण्याहून. सांगली जिल्ह्याच्या आकड्यात ती बॅग नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये कुपवाडात मेफेड्रोनचा, ज्याला सगळे एमडी म्हणतात त्या अमली पदार्थाचा, मोठा साठा सापडला. पकडला पुणे पोलिसांनी, पुण्यात आधी नोंदलेल्या गुन्ह्याच्या तपासात. माल आमच्या दाराशी, गुन्हा त्यांच्या दप्तरी. शिवाय अदखलपात्र, म्हणजे एनसी. साधी शिवीगाळ, धमकी, किरकोळ मारहाण ही एनसीत जाते आणि तुमच्या यादीत येत नाही. नव्या कायद्यात ५ हजार रुपयांच्या आतली चोरी पहिल्यांदा करणाऱ्याच्या बाबतीत अदखलपात्र ठरलीय. त्यामुळे जुलै २०२४ नंतर चोरी कमी झालेली दिसली तर आधी हे आठवा. सोनसाखळीचं उलट झालंय. पूर्वी ती कधी चोरीत तर कधी जबरी चोरीत टाकली जायची, आता न्याय संहितेत कलम ३०४ खाली तिचा स्वतंत्र गुन्हा आहे. २०२३ आणि २०२५ शेजारी ठेवून चोऱ्या मोजणाऱ्याला मी तरी रागवीन.

आता लाखामागचं 'लाख' बघा. शेवटची जनगणना २०११ ची. एनसीआरबी महानगरांचा दर त्याच जनगणनेच्या लोकसंख्येवर काढतो. तेव्हा सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत ५ लाख २ हजार माणसं होती, सातारा शहरात १ लाख २० हजार. २०२० मध्ये सातारा पालिकेची हद्द वाढली, शाहूपुरी, विलासपूर आत आली. शहर एका दिवसात मोठं झालं. जुन्या लोकसंख्येनं नव्या हद्दीतल्या गुन्ह्यांना भागलं तर शहर विनाकारण बदनाम. पुण्याचं असंच. पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ ला वेगळं झालं, त्यामुळे आधीचं पुणे आणि नंतरचं पुणे ही पोलिसी हिशेबात दोन वेगळी गावं.

लहान गावाचं तर विचारूच नका. महाबळेश्वर, पाचगणीची वस्ती २०११ मध्ये प्रत्येकी १५ हजारांच्या आत होती. समजा १५ हजारांच्या गावात वर्षात एक खून झाला, भाऊबंदकीतून. लाखामागे दर झाला ६.७. राज्याचा २०२२ चा दर होता सुमारे १.८. म्हणजे ते गाव राज्याच्या जवळजवळ चौपट खुनी! पुढच्या वर्षी एकही खून नाही, दर शून्य, गाव एकदम साधू. असल्या गावाचे पाच वर्षांचे आकडे एकत्र केल्याशिवाय तोंड उघडू नये. आणि तिथं मे महिन्यात, दिवाळीत जी गर्दी लोटते ती भाजकात कुठेच नसते. चोरी झालेला पर्यटक वरच्या आकड्यात, पण खालच्या लोकसंख्येत नाही. माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी जाते तेव्हा मी बंदोबस्ताला असायचे. चार दिवसांत माळा, मंगळसूत्रं, मोबाईल यांच्या जेवढ्या तक्रारी यायच्या, तेवढ्या एरवी महिनोन्‌महिने येत नाहीत. त्या चोऱ्या लोणंदच्या माणसानं केलेल्या नाहीत, लोणंदच्या माणसाच्या झालेल्याही नाहीत. मांढरदेवची यात्रा, पुसेगावची यात्रा, तोच प्रकार.

आणि तुमच्या तक्त्यातली सगळ्यात मोठी चूक, जी पेपरवालेही करतात. एनसीआरबीच्या महानगरांच्या यादीत महाराष्ट्रातली मुंबई, पुणे, नागपूर एवढीच शहरं आहेत, कारण ती यादी २० लाखांवरच्या शहरांची. सांगली, सातारा, कऱ्हाड यांचा शहर म्हणून आकडा तिथं नाहीच. तिथं 'सांगली' लिहिलेलं असतं ते जिल्हा म्हणून, शिराळ्यापासून कर्नाटकाच्या हद्दीवरच्या उमदीपर्यंत. उमदी सांगलीपासून शंभर किलोमीटरहून दूर. तिथल्या वस्तीवर पडलेल्या दरोड्यानं सांगलीतल्या विश्रामबागेतला फ्लॅट असुरक्षित होत नाही. इंटरनेटवर शहरांचा 'क्राईम इंडेक्स' दाखवणारी पानं असतात, त्यांतली काही तर चक्क लोकांना प्रश्न विचारून, 'तुम्हाला भीती वाटते का' अशा उत्तरांवर आकडा काढतात. छोट्या शहराबद्दल उत्तर देणारी माणसं किती असतील, याचा विचार तुम्हीच करा.

मग काहीच तुलना करायची नाही का? करायची. पण जे लपवता येत नाही त्याची.

खून लपवणं अवघड. प्रेत बोलतं. म्हणून दोन जिल्ह्यांची तुलना करायची तर मी आधी खुनाचा आकडा बघते, पाच वर्षांचा. त्यालाही अपवाद आहेत. मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला जून २०२२ मध्ये एकाच कुटुंबातली नऊ माणसं दोन घरांत मृत सापडली. सुरुवातीला सावकारीला कंटाळून आत्महत्या असं सगळीकडे धरलं गेलं, आठवड्याभरात पोलिसांनी सांगितलं की हे विष देऊन केलेले खून आहेत. आठवडाभर रकानाच वेगळा होता. आणि गुन्हे मोजतात ते एफआयआरवर, एकाच एफआयआरमध्ये कितीही माणसं मारली गेली तरी प्रकरण एकच धरतात, बळींची संख्या वेगळ्या रकान्यात असते. शिवाय एका एफआयआरमध्ये दरोडा, खून, जाळपोळ सगळं असलं तरी राष्ट्रीय अहवालात त्यातला सगळ्यात गंभीर तेवढा एकच मोजला जातो.

दुसरी भरवशाची गोष्ट वाहनचोरी. विमा कंपनी एफआयआरशिवाय दमडी देत नाही, म्हणून माणूस भांडून का होईना गुन्हा नोंदवतोच. तिसरी रात्रीची घरफोडी, कुलूप तुटलेलं असतं, शेजारीपाजारी गोळा झालेले असतात, दडपणं कठीण. दिवसाची घरफोडी वेगळी मागवा, तुमच्यासारख्या नोकरदार घराला तीच जास्त लागू. या चार आकड्यांवर मी माझ्या भावाला घर निवडून दिलं. विनयभंगाच्या आकड्याकडे मात्र उलट्या नजरेनं बघा. ज्या ठाण्यात महिला अंमलदार रात्रीही हजर असते, निर्भया पथक शाळा-कॉलेजांत जाऊन बोलतं, तिथं हा आकडा वर जातो. एखाद्या कॉलेजच्या भागात वर्षभरात एकही विनयभंग नोंदलेला नसला तर मला धडकी भरते. पोरी गप्प आहेत असा त्याचा अर्थ.

मुलीच्या बाबतीत आणखी एक स्पष्ट बोलते, कारण आया हे एकमेकींना सांगत नाहीत. देशात नोंदलेल्या बलात्काराच्या शंभर गुन्ह्यांपैकी ९५ हून जास्त गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, लग्नाचं वचन देणारा. महिलांवरच्या गुन्ह्यांत सगळ्यात मोठा वाटा नवऱ्याच्या आणि सासरच्यांच्या छळाचा. चार वर्षं पथकात असताना माझ्यासमोर ज्या मुली बसल्या त्यांतल्या फार थोड्या अनोळखी माणसाबद्दल सांगत होत्या. शहर बदलून ओळखीचा धोका टळत नाही. मुलीशी असं बोलणं ठेवा की घरातल्या पाहुण्याबद्दलही तिला तुमच्यापाशी तोंड उघडता येईल.

दिरांचं म्हणणं. मिरजेचं नाव २००९ च्या गणेशोत्सवातल्या दंगलीनं लोकांच्या डोक्यात बसलंय. ते दिवस मी बंदोबस्तात काढलेत, वाईट होते, नाकारत नाही. पण दंगल सप्टेंबर २०२३ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीतही झाली आणि म्हणून कुणी साताऱ्याला नको म्हणत नाही. जून २०२३ मध्ये सांगलीत मिरज रस्त्यावर सराफी दुकानावर भरदिवसा दरोडा पडला, दरोडेखोर बाहेरच्या राज्यातले. महिनाभर सांगलीकर दुसरं काही बोलत नव्हते. वार्षिक तक्त्यात तो दरोड्याच्या रकान्यातला एक आकडा, बस्स. लोकांच्या भीतीचं माप आणि तक्त्याचं माप कधीच जुळत नाही, दोन्ही बाजूंनी. मिरजेत मी सहा वर्षं भाड्यानं राहिले. दवाखान्यांमुळे पंढरपूर रस्त्यावर आणि मिशनच्या बाजूला रात्री बारालाही औषधाची दुकानं उघडी, चहाच्या गाड्या, पेशंटचे नातेवाईक, बायका-माणसं रस्त्यावर. रात्रपाळी करून मी एकटी चालत घरी यायचे.

तुमच्या घरातल्या तिघांचे धोके तीन वेगळे आहेत, आणि एकही तुमच्या वहीत नाही. मुलीचा वर सांगितला. मिस्टरांचा सगळ्यात मोठा आहे. २०२२ मध्ये राज्यात खून झाले २,३०० च्या आसपास, रस्त्यावर माणसं गेली १५ हजारांच्या वर. दिवसाला शंभर-दीडशे किलोमीटर महामार्गावर काढणाऱ्याला खंबाटकी घाट, उंब्रज-कऱ्हाड पट्टा, उसाच्या हंगामात दिवे नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, यांची भीती चोरापेक्षा कितीतरी जास्त असली पाहिजे. नोव्हेंबर ते मार्च अंधार पडल्यावर त्यांना रस्त्यावर राहायला लागू नये, असं घर बघा. त्यांचं जास्त काम सांगली जिल्ह्यात असेल तर एवढ्या एका कारणावर मी सातारा बाद करीन. सासूबाईंचा धोका फोनमध्ये आहे. 'तुमच्या नावावर पार्सल सापडलंय, व्हिडिओ कॉल बंद करू नका' असं कुणी पोलिसाच्या वेशात सांगितलं तर फोन ठेवून द्यायचा, डिजिटल अरेस्ट असा प्रकार कायद्यात नाही, हे त्यांच्याकडून तोंडपाठ करून घ्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, पहिल्या तासात कळवलं तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता बरीच असते. हा धोका पिंपरी, सातारा, सांगली सगळीकडे सारखाच.

आता घर शोधायचं काम. माहिती अधिकाराचा अर्ज करा, सातारा आणि सांगली, दोन्हीकडच्या पोलीस अधीक्षक कार्यालयातल्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे, फी १० रुपये, मुदत ३० दिवस. 'शहरातली गुन्हेगारी किती' असं मोघम विचारलंत तर मोघमच मिळेल. ठाणेनिहाय मागा. साताऱ्यात सातारा शहर आणि शाहूपुरी, कऱ्हाडात कऱ्हाड शहर, सांगलीत सांगली शहर, विश्रामबाग आणि संजयनगर. गेल्या पाच वर्षांत प्रत्येक ठाण्यात खून, रात्रीची घरफोडी, दिवसाची घरफोडी, जबरी चोरी, वाहनचोरी किती दाखल आणि किती उघड, म्हणजे किती गुन्ह्यांचा छडा लागला. त्याच अर्जात एनसी किती आणि गहाळ दाखले किती, हेही विचारा. चोरी थोडी आणि गहाळ दाखले ढीगभर असं ज्या ठाण्याचं दिसेल, तिथलं काय समजायचं ते माझ्या गंठणवाल्या बाईवरून कळेलच. महिनाभर थांबायचं नसेल तर महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध केलेले एफआयआर बघता येतात, जिल्हा, ठाणं आणि तारखा टाकून. लैंगिक गुन्ह्यांसारखे नाजूक गुन्हे त्यात नसतात, पण एका महिन्याचे वाचलेत तरी त्या हद्दीत नेमकं काय चालतं ते कळतं.

वस्ती बघायला जाल तेव्हा रविवारी सकाळी जाऊ नका, दलाल तीच वेळ देतात. मधल्या वारी संध्याकाळी सात ते नऊ जा, मुलीला घेऊन. क्लासपासून घरापर्यंत चालत या, रिक्षानं नको. कऱ्हाडला विद्यानगरच्या बाजूला मेस, हॉस्टेल, झेरॉक्सची दुकानं यांमुळे उशिरापर्यंत पोरीबाळी दिसतात, ती मोठी जमेची बाजू. पोरांची मोटारसायकलवरची हुल्लडही तिथंच आहे. साताऱ्यात शाहूपुरी, गोडोलीकडे घरं चांगली आहेत, पण काही गल्ल्यांत निम्म्या घरांचे मालक पुण्या-मुंबईला आणि कुलूप महिनोन्‌महिने. घरफोड्याला अशी गल्ली आवडते. दोन्ही बाजूंच्या घरांत माणसं राहतात का, एवढं विचारून मगच इसार द्या. विश्रामबाग मला व्यक्तिशः आवडतं, कॉलेजं, रुंद रस्ते, पहाटे पाचपासून फिरणारी माणसं. मात्र त्याच पहाटे सोनसाखळ्याही जातात, सासूबाईंना फिरायला पाठवताना गळा मोकळा ठेवायला सांगा. सांगलीत घर घेताना एक गोष्ट कुठल्याच गुन्हे तक्त्यात नसते ती विचारा, २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. शेजाऱ्यांच्या भिंतीवर खूण असते, बघून घ्या.

तिन्हीकडे शेवटचं काम एकच. ज्या हद्दीत घर पसंत पडेल त्या ठाण्यात रात्री साडेआठ-नऊला मुलीला घेऊन जा. निमित्त साधं: भाडेकरूची माहिती कुठल्या नमुन्यात द्यायची ते विचारायचं आहे, आणि गल्लीच्या कोपऱ्यावर पोरं टोळक्यानं बसतात अशी तक्रार कुणाकडे करायची ते विचारायचं आहे. महिला अंमलदार ड्यूटीवर आहे का, तुम्हाला बाकावर बसवून ठेवतात की समोर खुर्ची देतात, आणि तुम्ही बोलत असताना समोरचा पेन उचलतो का, हे बघा. पेन उचलला तर दुसऱ्या दिवशी घरमालकाला फोन करा.